नऊच्या गोळ्या

"तोंड उघडा. आ करा, आ. जीभ वर. आता डावा गाल दाखवा."

सात नंबरच्या कॉटवर बसलेल्या राजमतीबाईंनी मुकाट्याने तोंड उघडलं, जीभ उचलली, गाल बोटाने ओढून दाखवला. अंजना सिस्टरने खिशातली बारकी बॅटरी काढून त्या तोंडात उजेड टाकला आणि आत सगळीकडे नजर फिरवली. सकाळची लघवीची गोळी खरोखरच पोटात गेली होती. तेव्हा कुठे सिस्टरने केसपेपरवर आठची वेळ घालून सही ठोकली.

"मिटा आता. उघडं ठेवून काय गाणं म्हणायचंय?"

शेजारच्या कॉटवरचे रिटायर सुभेदार खुदकन हसले.

"हसू नका, सुभेदार. तुमचीच पाळी हाय आता," सिस्टर म्हणाली. सुभेदारांनी फौजेत कुणाला दाखवली नसेल एवढ्या तत्परतेने तोंड उघडलं.

अंजना सिस्टरचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, आणि पेशंट नावाच्या माणसांवर तर मुळीच नव्हता. मूळची रहिमतपूरची ही बाई लग्न होऊन सांगलीत आली आणि ह्या हृदयरोगाच्या दवाखान्यात बावीस वर्षं नोकरी करून बसली. बावीस वर्षांत तिने जे पाहिलं, त्यातून तिचं मत पक्कं झालं होतं. उंब्रजचा एक दुकानदार होता. वरचं बीपी एकशे तीसवर आलं की तो गोळी बंद करायचा आणि महिन्याने डोकं धरून दारात उभा राहायचा, वर औषधालाच नावं ठेवायचा. मेढ्याकडचे एक गुरुजी होते. नवराबायको दोघांनाही बीपी, म्हणून एकच पट्टी आणून दोघांत अर्धी अर्धी गोळी खात होते, आणि हा हिशोब ते मोठ्या अभिमानाने सांगत. खुद्द सुभेदार रविवारी मटण झालं की दोन गोळ्या घेत आणि सोमवार-मंगळवार सुट्टी देत. ह्या सगळ्यांना तिने मिळून एकच नाव ठेवलं होतं: गोळीचोर.

गोळीचोरांचा बंदोबस्त करायला तिच्याकडे डिस्चार्जचं टेबल होतं. घरी जाणारा प्रत्येक पेशंट त्या टेबलापुढे उभा राहायचा आणि सिस्टर मान वर न करता त्याला आपले नियम ऐकवायची. कागदावर लिहिलंय त्याच वेळेला गोळी घ्यायची, आधी नाही, नंतर नाही. पुढच्या खेपेला येताना रिकाम्या पट्ट्या घेऊन यायचं. मीठ वरून घ्यायचं नाही. आणि स्वतःचं डोकं चालवायचं नाही. "डोकं चालवायला डॉक्टर हायत. तुमी नुसती गोळी गिळा," असं ती म्हणायची आणि पुढच्याला हाक मारायची. एका माणसाला दीड मिनिट, त्यातलं अर्धं दटावण्यात जायचं.

तर ह्या राजमतीबाई आठ महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाल्या होत्या. वारणाकाठच्या गावातलं जैन घर, तीस एकर ऊस, नवरा सुकुमार जाऊन बारा वर्षं झालेली. दर खेपेला तीच तऱ्हा. श्वास लागलेला, उशा रचून बसवलेलं, पायांवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. बीपी वरचं दोनशे वीस, खालचं एकशे वीस. मग इंजेक्शनं, ऑक्सिजन, रोज सकाळी वजन, लघवीचं माप. चार दिवसांत बाई ठणठणीत आणि तीन महिन्यांत पुन्हा दारात.

डॉक्टर वीरधवल राउंडला येत तेव्हा एक पाय कॉरिडॉरमध्येच ठेवून बोलत. केसपेपरवरचे आकडे बघून त्यांनी ओठ मुडपले. "तीन गोळ्या चालू असून हे बीपी? रेझिस्टंट केस आहे. चौथी वाढवा. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची तपासणीही करून घेऊ." आणि ते दुसरा पायही कॉरिडॉरमध्ये नेऊन निघून गेले. पेशंटशी बोलण्याने बीपी कळतं, असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी मुलगा आला, भरतेश. पांढरा कडक शर्ट, हातात गाडीची किल्ली, आणि दवाखाना म्हणजे आपल्या उसाचा फड असल्यासारखा आवाज.

"आवं सिस्टर, ह्या गोळ्या हायत का खडू? आठ म्हैने आई खातीया. फरक म्हणून न्हाई."

"खात असती तर पडला असता फरक," सिस्टर म्हणाली. "तुमची आई गोळ्या घेत नाही. गोळीचोर हाय ती."

अख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या. भरतेशचा चेहरा लाल झाला. "आई, गोळ्या घेत न्हाईस व्हय तू?"

राजमतीबाई पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "पट्ट्या बघा की."

दुसऱ्या दिवशी सून दीपाली पिशवी घेऊन आली. आठ महिन्यांच्या पट्ट्या, महिन्यामहिन्याच्या रबर लावून बांधलेल्या. सिस्टरने त्या टेबलावर मांडल्या, उजेडात धरून पाहिल्या, बोटाने एकेक कप्पा दाबून पाहिला. सकाळच्या रिकाम्या होत्या, रात्रीच्या दोन्ही प्रकारच्या रिकाम्या होत्या. एक गोळी शिल्लक नव्हती. इतका नेटका पेशंट तिच्या बावीस वर्षांत झाला नव्हता.

"आता बोला," भरतेश म्हणाला. "माझ्या आईला चोर म्हंतायसा? चारचौघांत?"

तो तडक मेट्रनकडे गेला. मेट्रनबाईंनी सिस्टरला बोलावून घेतलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांदेखत त्याची माफी मागायला लावली. अंजना सिस्टरने आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या माणसाला "चुकलं" म्हटलं, तेही दात आवळून. वॉर्डात परत आली तर सुभेदार भिंतीकडे तोंड करून हसत होते. ती राजमतीबाईंच्या कॉटजवळ गेली, बीपीचा पट्टा दंडाला करकचून बांधला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला सोडणार न्हाई. तुमी काय करता ते हुडकून काढीन." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काही बोलायला त्यांचे ओठ उघडले आणि मिटले. सिस्टरला ते लबाडीचं लक्षण वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी दीपाली कॉरिडॉरमध्ये सिस्टरची वाट बघत थांबली होती. पदराखाली काहीतरी धरलेलं.

"सिस्टर, आत्तींना धुतलेलं लुगडं न्यायचं म्हणून मी त्यांची पेटी उघडली, बस्तीला देवदर्शनाला जायचे कपडे असत्यात ती. त्यात हे गावलं." तिने पत्र्याचा डबा पुढे केला. "कुणाला सांगू नका आदी. ह्यांना तर न्हाईच न्हाई. तुमी एकट्याच आत्तींना इचारा."

डब्यात गोळ्या होत्या. गुलाबी आणि पांढऱ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि त्यांवर मुंग्या येऊ नयेत म्हणून टाकलेल्या चार लवंगा.

एकट्याने विचारायचं, हे अंजना सिस्टरच्या स्वभावात बसत नव्हतं. तिला चारचौघांत माफी मागावी लागली होती, तेव्हा फेडही चारचौघांतच व्हायला हवी होती. ती अकरापर्यंत थांबली. डॉक्टर राउंडला आले, मागोमाग मेट्रनबाई आल्या, भरतेशही किल्ली फिरवत पोचला. मग सिस्टर सात नंबरपाशी गेली, डबा उघडला आणि राजमतीबाईंच्या मांडीवरच्या चादरीवर उपडा केला.

गोळ्या चादरीवरून घरंगळल्या, फरशीवर उड्या मारत कॉटखाली गेल्या. सुभेदारांच्या पायाशी एक गुलाबी गोळी येऊन थांबली, ती त्यांनी उचलून निमूटपणे परत चादरीवर ठेवली.

"ही तुमची रेझिस्टंट केस, डॉक्टर," सिस्टर म्हणाली. "रात्रीच्या दोन्ही गोळ्या, पहिल्या दिवसापासून. सकाळची तेवढी खाल्ली म्हणून वाचली बाई. आणि इथं रात्री नर्स वाटीत ठेवून जाते, त्यासुद्धा रुमालात बांधून डब्यात गेल्या असतील. बोला आता, आजी. सगळ्यांसमोर बोला."

राजमतीबाई चादरीवरच्या गोळ्या दोन्ही हातांनी गोळा करत होत्या. "खाली पडल्याल्या उचला कुणीतरी," त्या पुटपुटल्या. "मुंगी-बिंगी खाईल."

"आई!" भरतेश ओरडला. "ह्या का घेतल्या न्हाईस?"

"नऊला घ्याच्या हुत्या त्या." बाईंनी मान वर केली नाही. "दिवस मावळल्यावर मी तोंडात काय घालत न्हाई. तुज्या बापाच्या माघारी मुनी महाराजांच्या म्होरं नियम घेतलाय. पाणी पण न्हाई. तुला ठावं न्हाई व्हय?"

भरतेशला ठाऊक होतं. अख्ख्या घराला ठाऊक होतं. बारा वर्षं ही बाई दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, करून हात धुवायची, आणि मग उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. तीच बाई रोज नऊला खोलीत जाऊन गोळ्या कशा गिळते, हा प्रश्न त्या घरात कुणालाही पडला नव्हता. दीपाली रोज साडेआठला तांब्या भरून ठेवायची आणि सकाळी तो भरलेलाच उचलून ओतून टाकायची. तीस एकर ऊस सांभाळणारी माणसं ही.

"औषधाला सूट घेतली आसंल आसं वाटलं आमाला," भरतेश चाचरत म्हणाला.

"मग पट्टीतनं काढायच्या कशाला? आणि साठवायच्या कशाला?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"रिकामी पट्टी आणून दावायची, असं सांगितलं हुतं. म्हणून नऊ वाजले की काढायची." राजमतीबाई सरळपणे सांगू लागल्या. "टाकायच्या कुठं? मातीत टाकल्या तर किडामुंगी मरंल. गटारीत टाकल्या तर पाण्यातले जीव. म्हणून ठिवल्या."

डॉक्टर वीरधवल आज प्रथमच दोन्ही पाय वॉर्डात घेऊन उभे होते. ते हसले. "अहो आजी, मग पाच-साडेपाचला घ्यायच्या होत्या. तुमच्या जेवणाबरोबर. ह्या गोळ्यांना घड्याळ कळत नाही, रोज त्याच सुमाराला पोटात गेल्या म्हणजे झालं. एवढी साधी गोष्ट विचारायची नाही का?"

"तेच म्हणते मी," सिस्टरचा आवाज वॉर्डभर गेला. "तोंड नव्हतं का विचारायला?"

तेव्हा राजमतीबाईंनी मान वर केली आणि अंजना सिस्टरकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, रागाने नाही की तक्रारीने नाही.

आणि सिस्टरला आठवलं.

भाद्रपद होता. डिस्चार्जच्या टेबलापुढे रांग लागलेली, हीच बाई हातात कागद धरून उभी. नियम ऐकून झाल्यावरही ती हलली नव्हती. "बाई, एक इचारू का? ह्या नऊच्या गोळ्या दिवस मावळायच्या आत घेतल्या तर चालतंय का?" असं तिने विचारलं होतं. आणि मान वर न करता सिस्टर म्हणाली होती, "तुमी डॉक्टर हाय का? नऊ लिहिलंय म्हणजे नऊ. आधीमधी घेतली तर जीवावर बेतंल. चला, पुढचा." बाईने "बरं" म्हटलं होतं आणि ती गेली होती. पुढच्या खेपेला तिने विचारलं नव्हतं. कशाला विचारेल?

म्हणजे ह्या बाईने काही चोरलं नव्हतं. तिने महाराजांचा नियम पाळला होता आणि सिस्टरचाही पाळला होता. आधी घेतली नव्हती, रिकाम्या पट्ट्या दाखवल्या होत्या, स्वतःचं डोकं चालवलं नव्हतं. आठ महिन्यांत 'गोळ्या घेतल्या' असं खोटंही ती एकदा बोलली नव्हती. 'पट्ट्या बघा' एवढंच म्हणाली होती.

"सिस्टरांनी सांगितलं नव्हतं का नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

आता ही बाई बोलणार आणि बावीस वर्षांची आपली सगळी ऐट ह्या चादरीवर उपडी होणार, हे अंजना सिस्टरला दिसत होतं. बोलावं तर आपणच आधी बोलावं, असंही एकदा मनात आलं. पण दुसऱ्यांची तोंडं उघडून बघणाऱ्या बाईला स्वतःचं तोंड उघडता येईना.

"सांगितलं हुतं," राजमतीबाई म्हणाल्या. "नीट सांगितलं हुतं त्यांनी. चूक माजी हाय."

मग भरतेशने जे तोंड सोडलं, ते थांबेना. लाज आणलीस, आठ महिने जीव टांगणीला लावलास, अडाणी ती अडाणीच. म्हातारी आई गोळ्या गोळा करत ऐकत राहिली. डॉक्टर म्हणाले, "बरं, झालं. सिस्टर, आजपासून वेळ साडेपाच करा." केसपेपरवर नवाचा आकडा खोडून साडेपाच लिहायला अंजनाला एक क्षण लागला. आठ महिन्यांचा प्रश्न तेवढ्या वेळात मिटला.

दोनला तिची ड्युटी संपली. पिशवी खांद्याला लावून ती सात नंबरच्या जवळून गेली. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, कानशिलाची शीर उडत होती. सिस्टर क्षणभर थांबली. बीपी बघावं असं तिला वाटलं, पण पट्टा बांधायचा म्हणजे बाईच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. उद्या निवांत बोलू, असं ठरवून ती जिना उतरली.

साडेचारला राजमतीबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. साडेपाचच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

सकाळी ड्युटीवर आल्यावर अंजनाला कळलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. आयसीयूत जाऊन नाकात नळी घातलेल्या त्या बाईची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, टाचेखाली घडी ठेवली. ही कामं मावश्यांची म्हणून तिने दहा वर्षांत केली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचा तिला स्वतःचाच राग येत होता, कारण रडून काय उपयोग, हे ती लोकांना रोज सांगायची.

पंधरा दिवसांनी नळी निघाली आणि राजमतीबाई पुन्हा सात नंबरवर आल्या. पेजेचे चार घोट गिळता येऊ लागले होते. अंजनाने मेट्रनबाईंना सांगून आपली ड्युटी दुपारची करून घेतली. का, ते कुणी विचारलं नाही.

एकदा भरतेश एकटा भेटला, तेव्हा तिने त्याला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. भाद्रपदातलं टेबल, आईने विचारलेला प्रश्न, आपलं उत्तर. नोकरी जाईल, तक्रार होईल, हा तोंडावर थुंकेल, सगळं तिने धरून ठेवलं होतं.

भरतेशने मोबाइलवरून नजर काढली. "असू द्या वो सिस्टर. तुमास्नी काय एक पेशंट आसतोय व्हय? तिलाच अक्कल न्हाई. जन्मभर तिनं आमचं डोकंच खाल्लंय." आणि वर हसून म्हणाला, "त्या दिवशी मीच तुमाला लय बोललो. तुमचंच खरं निघालं."

माणसांचा तिटकारा अंजनाला जुनाच होता, पण त्या माणसांत आपणही बसतो आणि हा समोरचा आपला सख्खा भाऊ शोभेल, हे तिला त्या जिन्यात कळलं. तिने कबुली दिली होती आणि ती ऐकण्याच्या लायकीचं माणूस ह्या घरात एकच होतं, ते वर सात नंबरवर मुकं पडलं होतं.

डिस्चार्जच्या टेबलावर आता ती विचारते, "तुमच्यात संध्याकाळी जेवता कवा?" प्रेमाने नाही, खेकसूनच. पण मान वर करून विचारते.

भरतेशशी बोलणं झालं त्याच दिवशी साडेपाचला ऊन खिडकीतून थेट सात नंबरच्या कॉटवर आलं होतं. अंजनाने गुलाबी आणि पांढरी गोळी चमच्यात कुस्करली, पाण्यात कालवली, बाईंची मान उचलून हाताच्या घडीवर घेतली. "साडेपाच झालेत, आक्का. दिवस अजून वर हाय. बघा." तिने त्यांची मान खिडकीकडे वळवली. राजमतीबाईंनी बराच वेळ उन्हाकडे पाहिलं आणि मग चमचा तोंडात घेऊ दिला. तीनदा ठसका लागला, पण औषध आत गेलं.

अंजनाने रुमालाने त्यांची हनुवटी पुसली आणि बोलायला श्वास घेतला. इतके दिवस घोकलेलं वाक्य होतं ते.

तेवढ्यात राजमतीबाईंनी, कुणी न सांगता, तोंड उघडलं. वाकडं झालेलं, एका बाजूने लोंबणारं तोंड जमेल तेवढं मोठं करून त्यांनी जीभ वर उचलायची खटपट केली. जीभ उचलेना. मग डाव्या हाताचं बोट गालात घालून त्यांनी तो ओढून धरला, आणि सिस्टर बघून घेईपर्यंत तशाच थांबून राहिल्या.